जूनमध्येही

जानेवारीतला गुरुवार, सकाळचे नऊ. उत्तर नॉर्वेतल्या एका मासेमारी गावाचं आरोग्य केंद्र. दोन महिन्यांच्या अंधारानंतर त्या दिवशी सूर्य डोंगरामागून डोकावणार होता. टेबलावर सूर्याच्या स्वागताचे जॅम भरलेले गोड पाव होते आणि दिवे परत करणाऱ्यांची रांग लागली होती.

मी त्यातलाच एक दिवा बोलतोय. उपचाराचा दिवा. अंधाराबरोबर येणारी आणि उन्हाबरोबर जाणारी उदासी, एवढाच माझा प्रांत. रोज सकाळी माझ्या प्रखर उजेडासमोर बसलं की तिचा जोर बराच कमी होतो. पण या गावात अंधारात जो कोणी कोमेजला, त्याच्या हाती मलाच देतात. सूर्य आला की मी परत, आणि आजारही संपला असं धरून चालतात.

बोर्गहिल्ड माशांच्या कारखान्यात कामाला. तिने मला टेबलावर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "मी जूनमध्येही अशीच होते."

"जूनमध्ये?" नर्स टोरबियोर्ग हसली. "अगं, तेव्हा तर रात्रीसुद्धा ऊन असतं!"

"हिला ऊनही गोड लागत नाही," नवरा ओडवार म्हणाला. "माझ्या हातची कॉफीही नाही."

डॉक्टर पाव खात होते. "अंधारात सगळ्यांचंच असं होतं. आता बरं वाटेल हं, बोर्गहिल्ड."

तिच्या हातात पाव कोंबला गेला. जाताना तिने तो माझ्याशेजारी ठेवला. न खाल्लेला.

मार्चमध्ये, लख्ख उन्हात, तिला शहरातल्या इस्पितळात हलवावं लागलं. तिने खाणं सोडलं होतं, जगावंसं वाटत नाही म्हणत होती. ओडवार इथे येऊन ओरडला, "तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, उन्हाळ्यात कशी असतेस? तुम्हाला तोंड नव्हतं?"

त्याच्याच बोलण्यातून कळलं. तिची उदासी वर्षानुवर्षांची, बारमाही. त्यात आता तीव्र झटका आला होता. मधूनच कधी विनाकारण उत्साहाला उधाण येतं का, झोपेवाचून चालतं का, हेही तिथे विचारलं. तसं असतं तर औषधच वेगळं द्यावं लागलं असतं. आता गोळ्या चालू आहेत, त्यांचा गुण यायला आठवडे लागतात. शिवाय दर आठवड्याला कुणीतरी तिच्याशी बसून बोलतं.

"काल म्हणाली, तुझी कॉफी म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी," ओडवार सांगत होता आणि हसत हसत डोळे पुसत होता.

मी थकलोय. कपाटात आहे. पुन्हा अंधार येईल आणि पुन्हा मलाच पुढे करतील. करा, पण आधी माणसाला त्याचा उन्हाळा विचारा.

त्या गुरुवारी माझ्यासमोर डॉक्टर होते, नर्स होती, नवरा होता. 'जूनमध्येही' हा शब्द तिघांनीही ऐकला. त्यावर कुणीच पुढे का विचारलं नाही, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.