बोनेटचं टाळं

भगीरथ संशयी आहे, हे त्याच्या बायकोपासून डोळखांबच्या किराणा दुकानदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानदार जरा जास्त गोड बोलला, की हा घरी येऊन साखरेची पुडी पुन्हा काट्यावर टाकायचा. शेजारीण दोनदा चहाला आली, तर ती काय न्यायला आली असेल याचा विचार करत बसायचा. सबंध शहापूर तालुक्यात त्याचा डोळे मिटून विश्वास होता तो एकट्या साईनाथवर. आणि आता एप्रिलच्या ऐन उन्हात त्या विश्वासालाच भोक पडलं होतं.

दिवाळीनंतर भगीरथने आपल्या जुन्या जीपला पिकअपचं मोठं इंजिन बसवून घेतलं. जुनं इंजिन चढाला धापा टाकायचं, लग्नाचं वऱ्हाड अर्ध्यात उतरवावं लागायचं. साईनाथचं गॅरेज शहापूरला हायवेजवळ. त्याने पंधरा दिवस खपून इंजिन बसवलं, त्याच्या मापाचा मोठा रेडिएटर लावला, शिवाय एक जादा पंखा दिला. थंडीत जीप अशी पळाली, की भगीरथ उगाचच दोन फेऱ्या जास्त मारायचा.

मार्च लागला आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला. डोळखांबच्या वाटेवर शेवटच्या चढाला पाणी उकळून रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ यायची. माणसं उतरून पळसाच्या विरळ सावलीत उभी राहायची, आणि भगीरथ बोनेट उघडून त्या वाफेकडे बघत बसायचा.

"पाणी खेळत नाय आत," साईनाथ म्हणाला. "उन्हाळा आहे, इंजिन मोठं आहे. दर शनवारी आणत जा, मी धुवून देतो. आणि झाकण तू उघडू नको, हात भाजंल."

पैसे तो घ्यायचा नाही. शिवाय काम सुरू करायच्या आधी भगीरथला हमखास कोपऱ्यावर पिटाळायचा. "जा, दोन चहा सांगून ये. घाई नको करू." चार शनिवार हेच झालं. प्रत्येक वेळी तीन-चार दिवस जीप गार राहायची आणि पुन्हा तापायची. फुकट काम करणारा मेकॅनिक भगीरथने जन्मात पाहिला नव्हता. झाकण उघडू नको म्हणणारा तर नाहीच. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

घरात त्या दिवसांत आणखी एक कटकट चालू होती. "हळद कशी संपते काय कळत नाय," त्याची बायको काजल डबा आपटून म्हणायची. "पाव किलो आणली, आठ दिवस नाय पुरली." भगीरथने लगेच शेजारणीवर संशय घेतला. अंगणात खाटेवर बसलेले त्याचे वडील, नामाआबा, हे सगळं ऐकत होते. आबांनी तीस वर्षं ट्रक चालवला होता, कसाऱ्याचा घाट त्यांना तोंडपाठ होता. पण हल्ली सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नसे. पावसाळ्यात त्यांनी जीपच्या टाकीत डिझेलऐवजी पाणी ओतलं होतं. तेव्हा भगीरथ सगळ्या पाड्यासमोर ओरडला होता, "परत गाडीला हात लावलात तर मुरबाडला रुपाकडे नेऊन सोडीन!" रुपा त्याची बहीण, दोन खोल्यांत सासू-सासऱ्यांसकट राहणारी. आबा तेव्हापासून जीपकडे लांबूनच बघायचे.

पाचव्या शनिवारी भगीरथ चहाला गेला आणि अर्ध्या वाटेतून परत फिरला. साईनाथ रेडिएटर सोडवून गटारात ओतत होता. आतून पिवळाधमक, घट्ट गाळ पडत होता.

"हे काय रे?"

साईनाथ दचकला. "काय नाय. घाण आहे."

"घाण पिवळी असते? काय टाकतोस तू माझ्या गाडीत?"

साईनाथने मान खाली घालून उरलेला गाळ ओतला. ते बघूनच भगीरथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गॅरेजात दोन गिऱ्हाईकं उभी होती, त्यांच्यादेखत तो सुटला. "तूच टाकतोस आणि तूच धुतोस! मी सारखं तुझ्या दारात यावं म्हणून? की कंटाळून गाडी विकली, की तुला स्वस्तात पायजे? भाऊ समजत होतो मी तुला!"

साईनाथने शांतपणे रेडिएटर जागेवर बसवला, नवं कूलंट भरलं, झाकण आवळलं. मग चावी भगीरथच्या हातावर ठेवली. "दुसरा मेकॅनिक बघ," एवढंच म्हणाला.

भगीरथ घरी आला तो भाताच्या कोठीचं पितळी टाळं आणि साखळी शोधतच. साखळी ग्रिलमधून ओवून त्याने बोनेट बंद केलं, चावी करगोट्याला बांधली. आता बघू गाळ कुठून येतो ते! गाडी साईनाथकडे न जाता गार राहिली, की चोर सापडला. हिशेब सरळ होता. तरी त्याला रात्री जेवण गेलं नाही. पंचवीस वर्षांची मैत्री होती. साईनाथ खरंच चोर निघाला तर आपल्याला दुसरं कोण आहे, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

सकाळी तो आंघोळ करून बाहेर आला, तर साखळी वाजत होती. आबा जीपसमोर वाकून टाळं ओढत होते. डाव्या मुठीत कागदाची पुडी होती, आणि बोटं पिवळी झाली होती.

"भगा, टाळं कोणी लावलं रे?" आबा कावरेबावरे झाले. "पानी गळंल ना. इंजिन मोठं आहे, ऊन बघ किती."

"पुडीत काय आहे, आबा?"

"हळद. घाटात रेडिएटर गळला की आमी हळदच टाकायचो. भोक बुजतं, गाडी घरी येते." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि पुडी पाठीमागे गेली. "तू ओरडू नको. साईला म्हायती आहे. तो बोलला, आबा नका टाकू, आत बसते ती, नळ्या बुजतात. पन मी विसरतो. म्हनून तो धुतो दर शनवारी. मीच बोललो त्याला, भगाला सांगू नको. तो मला रुपाकडे सोडंल."

भगीरथ ओल्या अंगाने तसाच उभा राहिला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की आबांच्या तोंडाकडे बघवेना. साईनाथ वयाच्या चौदाव्या वर्षी याच माणसाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला होता. पाना कसा धरायचा हे त्याला याच हातांनी शिकवलं होतं. कालही एक शब्द बोलला असता तर सुटला असता तो.

तासाभरात जीप गॅरेजसमोर उभी होती. पुढच्या सीटवर आबा होते. रविवार असूनही साईनाथ आत काहीतरी ठोकत बसला होता, दोन गिऱ्हाईकं बाजूला उभी होती. त्याने मान वर केली, आबांची पिवळी बोटं पाहिली, साखळी पाहिली.

"चुकलो," भगीरथ म्हणाला. "काल लोकांसमोर बोललो, आजपन लोकांसमोर बोलतो. चुकलो मी, साई."

साईनाथने त्याच्याकडे बघितलंच नाही. तो आबांच्या बाजूचं दार उघडून उभा राहिला. "त्यांना मुरबाडला सोडनार नाय, हे आधी त्यांना सांग. मग बोनेट उघड."

भगीरथने करगोट्याची चावी सोडली. टाळं काढायला तो वाकला, पण चावी बसेना. "आबा," तो खाली बघतच म्हणाला, "तुमी कुठं जायचं नाय."

आबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते खाली उतरले, मुलाच्या हातातून चावी घेतली आणि टाळं एका फटक्यात उघडलं.

"झाकण हळू काढ रे," त्यांनी साईनाथला बजावलं. "गाडी तापलेली आहे."