हात पोचेल तिथवर

दातांच्या दवाखान्यातली ती भिंत मामांना पहिल्या दिवसापासून पटली नव्हती.

भाचीने मात्र ती जीव ओतून केली होती. दुकानं, कार्यालयं, दवाखाने आतून सजवणं हा तिचा धंदा. या दवाखान्याच्या बसायच्या खोलीला खिडकीच नाही. माणसं गाल धरून यायची, आणि आतल्या यंत्राची घरघर कानावर पडली की पांढरीफटक पडायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "असं काहीतरी करा, की माणसाला झाडाखाली बसल्यासारखं वाटेल." भाचीने लोखंडी खुर्च्या काढून लाकडी बाक ठेवले, दिव्यांचा उजेड मऊ केला, दाराशी कुंड्या मांडल्या, आणि बाकांमागची अख्खी भिंत शेवाळाने मढवली. कुठे पोपटी, कुठे गर्द, कुठे काळपट हिरवी, आणि हात लावला तर उशीसारखी मऊ.

मामा तिच्याकडे कामाला लागले ते त्यानंतर. उभा जन्म रोपवाटिकेत गेलेला माणूस. गुडघ्यांनी दगा दिला तसं मुलाने आणि सुनेने ठरवून टाकलं, की बाबांनी आता आराम करायचा. आराम म्हणजे टीव्हीसमोरची खुर्ची. त्या खुर्चीत मामा कुंडीत विसरलेल्या रोपासारखे सुकायला लागले. शेवटी भाचीच म्हणाली, "मामा, मी सजवलेल्या जागांमधली झाडं तुम्ही सांभाळा. रोज सकाळी एक फेरी. पाणी घाला, पानं पुसा, पिवळी खुडा."

मामांनी त्याच संध्याकाळी माळ्यावरून फवाऱ्याची जुनी बाटली काढून लख्ख केली. मुलगा म्हणाला, "बाबा, एक तक्रार आली ना, की बंद. परत खुर्ची."

"येऊ तर दे तक्रार," मामा म्हणाले.

भिंत दाखवताना भाचीने बजावलं होतं, "याला पाणी घालायचं नाही हं. हे जिवंत नाही."

"म्हणजे प्लास्टिक?"

"नाही हो. खरं शेवाळ आहे, पण औषधात मुरवून, रंग देऊन टिकवलेलं. वर्षानुवर्षं असंच राहतं."

"पेंढा भरलेला वाघ म्हण की."

"तसंच समजा."

मामांनी मान हलवली. मान हलवायला काय जातं? प्रश्न हाताचा होता. रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ते दाराशी कुंड्यांना पाणी घालत, आणि पाठीमागे ती भिंत उभी असे. बोट टेकवलं तर शेवाळाचा मऊपणा लागायचा, पण गारवा लागायचा नाही. शेवाळ आणि गार नाही, हे त्यांच्या बोटांना काही केल्या मानवेना. तहानलेल्या वासरासमोरून भरली बादली घेऊन जावं तसं त्यांना होई. एका सकाळी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच एक फवारा मारला. नुसता एक, आपला मनाच्या समाधानासाठी. मग ते समाधान रोजच लागायला लागलं. एकाच जागी नको, सगळ्या भिंतीला सारखं मिळावं, म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत.

व्हायचं ते झालं. अक्कलदाढ काढायला आलेले एक टक्कल पडलेले गृहस्थ भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसले होते. नंबर आला तसे उठले, तर डोक्याच्या मागे हिरवागार चांदोबा. नंबर पुकारणाऱ्या बाईंनी रुमाल तोंडात कोंबला. डॉक्टरीणबाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी बाक पुढे ओढायला लावला. मागे हिरवे ओघळ उतरले होते, शेवाळ जागोजागी काळं पडलं होतं, आणि नाक जवळ नेलं की कुबट वास येत होता.

निरोप मिळताच भाची आली. मामा दाराशी एक पान पुसत होते. ते पान केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"एसी गळतोय, की मुळात मालच वाईट?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

भाची मागे सरकली आणि दुरून भिंत बघत राहिली. वरचं शेवाळ जसंच्या तसं होतं. जे बिघडलं होतं ते खालचं, आणि त्याची वरची कड भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी धरल्यासारखी सरळ होती.

"मामा, इकडे या. भिंतीसमोर उभे राहा. हात वर करा."

"पोलिसात देतेस की काय?"

"करा तर खरं."

मामांनी हात वर केला. बोटं रेषेच्या थोडी खालीच राहिली.

"बाटलीसकट," भाची म्हणाली.

मामांनी मुकाट्याने पिशवीतून बाटली काढली आणि वर धरली. बाटलीचं तोंड बरोबर रेषेला टेकलं.

मामांच्या डोळ्यांसमोर ती टीव्हीपुढची खुर्ची आली. हात वरच राहिला होता, तो त्यांनी खाली घेतला.

"चिमणे, चूक माझी," ते म्हणाले. "मला कळत होतं गं, ते जिवंत नाही. पण दिसत तर होतं ना तसं."

"चिमणे?" डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या.

"घरचं नाव आहे," भाची कानापर्यंत लाल होत म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना आता थोडं हसू फुटलं. "माझे पेशंटही अशीच मान हलवतात. काही चावू नका म्हणून सांगावं, तर जिन्यातच बिस्किटाचा पुडा उघडतात." मग त्या गंभीर झाल्या. "पण हे असं चालायचं नाही. भिंत बदला, आणि झाडं बघणारा माणूसही बदला."

भाचीने केसात खोचलेली पेन्सिल काढली. एक डोळा मिटून तिने ती दुरूनच त्या सरळ रेषेवरून फिरवली.

"भिंत बदलते," ती म्हणाली. "माणूस नाही. इथे मला आधीपासून जिवंत झाडंच लावायची होती. लावली नाहीत, कारण न सांगता रोज पाणी घालणारं माझ्याकडे कुणी नव्हतं. आता आहे. नको म्हटलं तरी घालणारं. या रेषेखालचं सगळं काढते, तिथे नेचे लावते, फर्न म्हणतात ते. उजेडाला दिव्यांची पट्टी, खाली पाणी धरायला पत्र्याची पन्हळ, आणि बाक थोडे पुढे. खर्च माझा."

"आणि रेषेच्या वरचं?"

"वर मामांचा हात पोचत नाही."

"स्टूल आहे की," मामा बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

नंबर पुकारणाऱ्या बाईंचा रुमाल आता काही कामाचा राहिला नाही. डॉक्टरीणबाईही मोठ्याने हसल्या. "लावा," त्या म्हणाल्या. "पण ते स्टूल आधी माझ्या खोलीत आणून ठेवा."

नेचे लावायला भाची आणि मामा दोघंही गुडघे टेकून बसले. मामांचे गुडघे कुरकुरत होते, पण तोंड बंद होतं. कुठलं रोप दिव्याजवळ आणि कुठलं सावलीला, यावर दोघांचं एकदा वाजलंही. मग दोघांनी आपापल्या मनासारखं अर्धं अर्धं लावलं.

पुढे ते टक्कलवाले गृहस्थ टाके काढायला आले. भिंतीपासून हातभर लांब, ताठ बसले. आत यंत्र घरघरलं तसं त्यांनी न बघताच मागे हात नेला, एका नेच्याचं पान बोटांत धरलं, आणि नंबर येईपर्यंत ते सोडलं नाही. मामांनी ते दारातून पाहिलं. पान चुरगळणार हे त्यांना दिसत होतं, तरी ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "काय बाबा, आली का एखादी तक्रार?"

"आली ना," मामा बूट काढत म्हणाले.

"मग?"

"मग काय, काम वाढलं."