बाईंच्या वर्गातली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. खुर्ची बसण्यासाठी असते असा माझा समज होता. तो सुताराने करून दिला होता. मी डुगडुगत नाही ना, हे त्याने स्वतः बसून पाहिलं आणि मला शाळेत पाठवून दिलं. तिथे माझ्यावर पहिल्यांदा बसला तो पृथ्वीचा गोल. मग वह्यांचे गठ्ठे बसले, ओल्या छत्र्या बसल्या, एका सुट्टीत मांजर येऊन व्यालं. माणूस तेवढा बसला नाही.

आमच्या शाळेची शिस्तच तशी होती. शिकवताना शिक्षकाने बसायचं नाही. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, खिडक्यांतून डोकावत फिरायचे. "शिक्षक बसला की वर्ग बसला," असं ते म्हणत. हे त्यांनी आपल्या खोलीत गादीच्या खुर्चीत बसून ठरवलं होतं. मग मला ठेवलं कशाला? तपासणीला येणाऱ्या साहेबांना दर वर्गात एक खुर्ची दिसावी लागते. साहेब यायचे, मला पाहायचे, समाधानाने मान हलवून जायचे.

माझ्या बाई गणित शिकवायच्या. तरुणपणी त्या बाकांमधून नुसत्या भिरभिरायच्या. पुढे पुढे त्यांच्या पायांकडे माझं लक्ष जाऊ लागलं. माझी नजर तेवढ्याच उंचीवर आहे ना. दुपारपर्यंत घोटे सुजायचे, चपलेचा पट्टा रुतायचा. पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. बाई फळ्याकडे तोंड करून एक पाय उचलायच्या, थोड्या वेळाने दुसरा. मुलांना वाटायचं, बाई अवघड गणिताचा विचार करताहेत.

डॉक्टरांनी त्यांना मधूनमधून बसायला सांगितलं. बाईंनी वर्गाच्या दारातच मोठ्या सरांना तसं विचारलं. सर वाईट माणूस नव्हते. ते अगदी मायेने म्हणाले, "बाई, तुम्हीच बसलात तर बाकीचे आडवे होतील." बाईही हसल्या. हसून पुन्हा फळ्याकडे वळल्या.

हे सगळ्या वर्गाने ऐकलं आणि मुलांनी एक बेत केला. बाई, तुम्ही बसा, सर दिसले की दाराजवळचा बाक खोकेल. बाई नको नको म्हणत माझ्या अगदी कडेवर टेकल्या. मला इतका आनंद झाला की मी कुरकुरलेसुद्धा नाही. पण त्या आठवड्यात अर्ध्या वर्गाला खराखुरा खोकला झाला होता. कोणी खोकलं की बाई दचकून उभ्या. पुन्हा टेकायच्या, पुन्हा उभ्या. तास संपेपर्यंत त्यांना धाप लागली. त्या म्हणाल्या, "राहू द्या रे बाळांनो. यापेक्षा उभं राहणं सोपं आहे."

मग घोट्यापाशी एक जखम झाली. ती भरेना. बाई पट्टी बांधून येत राहिल्या, आणि एक दिवस आल्या नाहीत. बरेच महिने रजा झाली. शेवटी त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली.

निरोपाच्या कार्यक्रमाला मानाची खुर्ची हवी होती. माझी बैठक नव्यासारखी होती, म्हणून मला मंचावर नेलं. बाई बसल्या. पूर्ण, पाठ टेकून. मोठ्या सरांनी सांगितलं की आमच्या बाई वर्गात कधी बसल्या नाहीत. खूप टाळ्या पडल्या. मग त्यांनी बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं.

बाईंनी माझ्या हातांवर भार दिला. उठवेना. समोरून त्यांची लेक हळूच म्हणाली, "आई, बसूनच बोल गं."

बाईंनी सरांकडे पाहिलं. "सर, बसून बोलले तर चालेल का?"

सगळं सभागृह हसलं. सर डोळे पुसत म्हणाले, "बाईंचा विनोदी स्वभाव अजून तसाच आहे."

बाई विनोद करत नव्हत्या. त्यांची बोटं माझ्या लाकडात रुतली होती, हे फक्त मला ठाऊक होतं. त्या उठल्या, आणि सगळ्यांचे आभार मानून होईपर्यंत उभ्याच राहिल्या.

मित्रांनो, आम्हा खुर्च्यांना बोलता येत नाही. शिक्षकांना दिवसभर बोलता येतं, पण स्वतःसाठी ते काही मागत नाहीत. आणि मागितलंच, तर आपण हसतो. म्हणून उद्या वर्गात गेलात की खुर्ची ओढून पुढे ठेवा आणि न हसता सांगा, "बाई, बसा. आम्ही ऐकतोय."