सोमवारी न वाजलेलं शिंग

मी एक जुनं शिंग आहे, मित्रांनो. सलोनिका शहराजवळच्या डोंगरावर चरणाऱ्या एका एडक्याच्या डोक्यावर मी वाढलो. कारागिराने मला गरम पाण्यात मऊ केलं, टोक कापलं, आरपार भोक पाडलं. मग यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरात, निळ्या मखमली पिशवीत माझी जागा ठरली. नव्या वर्षाच्या दिवशी बोहोरकाका मला फुंकत. माझा आवाज ऐकून म्हातारीकोतारी माणसं डोळे पुसत.

पण माझं आणखी एक काम होतं. ते आठवलं की आजही मी गार पडतो. एखाद्याला वाळीत टाकायचं ठरलं, की काळ्या मेणबत्त्या पेटवत आणि मला फुंकत. एकदा एका रंगाऱ्यासाठी मी असा वाजलो. त्यानंतर चार हातांच्या आत त्याच्याजवळ कुणी बसेना. त्याची आई वारली, तेव्हा खांदा द्यायलाही कुणी आलं नाही. तो आवाज माझा होता, मित्रांनो.

पुढे एस्त्रेयाचा नवरा खाडीत बुडाला. प्रेत मिळालं नाही. मेल्याची खात्री नसेल, तर बायकोला दुसरं लग्न करता येत नसे. तिघे पंडित निवाड्याला बसले. दोघे म्हणाले, "पाण्याला अंत नाही. तो कुठेतरी किनाऱ्याला लागला असेल." तिसरे, हाखाम (आमच्यात पंडिताला हाखाम म्हणतात) पेरहिया, म्हणाले, "टेकडीवरून खाडीचे सगळे काठ दिसतात. लोक दिवसभर बघत होते. कुणीही बाहेर आलं नाही. बाई मोकळी आहे."

निकाल दोघांचा लागला. तरी पेरहिया पाठशाळेत आपलं मत शिकवत राहिले. त्या दोघांतले मुख्य पंडित, हाखाम शेमारिया, घाबरले. कुणी पेरहियांचं ऐकून एस्त्रेयाचं लग्न लावलं आणि नवरा परत आला तर? तिच्या पुढच्या लेकरांना जन्मभराचा डाग!

सोमवारी सकाळी प्रार्थना संपली आणि दारं लावली गेली. मेणबत्त्या काळ्या होत्या. बोहोरकाकांनी मला बाहेर काढलं.

"पेरहिया, दोघांपुढे तुम्ही एकटे," शेमारिया म्हणाले. "मोजता येतं ना?"

"येतं. म्हणून तर निकाल तुमचा. माझ्या शब्दावर कुणी तिचं लग्न लावणार नाही, मीही नाही."

"मग म्हणा, माझं चुकलं."

"ते नाही म्हणणार. चुकलं असं वाटत नाही, तर खोटं कसं बोलू?"

"हट्टी आहात!"

"तुमच्याच वडिलांजवळ शिकलो."

कुणीतरी खुदकन हसलं. बोहोरकाकांनी मला ओठांना लावलं. त्यांचा श्वास माझ्या आत शिरला. मी देवाला म्हणालो, मला आत्ता तडा जाऊ दे.

तेवढ्यात वरच्या, बायकांच्या सज्ज्यातून एस्त्रेया ओरडली, "माझ्यासाठी बोलला तो एकच माणूस! त्यालाही गप्प करा. मग मी विधवा की बायको, हे विचारायला कुणीच उरणार नाही!"

पेरहिया हळूच म्हणाले, "मला फक्त एवढंच द्या. निकालाखाली माझं मतही लिहा. पूर्वजांनी हरलेली मतंही जपली. उद्याच्या पंडितांना कदाचित लागतील."

शेमारियांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बोहोर, ठेव ते शिंग. दौत आणा."

पेरहियांच्या मताची ती ओळ शेमारियांनी स्वतःच्या हाताने लिहिली.

नऊ वर्षांनी नवे पंडित आले. त्यांनी ती ओळ वाचली, स्वतः टेकडी चढून काठ पाहिले, आणि एस्त्रेयाला मोकळं केलं. तोवर तिचे केस कानांपाशी पांढरे झाले होते. पेरहिया ते बघायला राहिले नव्हते. तिने माझ्या पिशवीचा उसवलेला कोपरा शिवून दिला.

मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका. उभा तडा गेला की मी कामातून गेलो. पण कुणावर रागावून मला पिशवीतून काढणार असाल, तर आधी त्याचं म्हणणं लिहून घ्या. लिहिलेलं नंतर वाचता येतं. त्या रंगाऱ्यावर वाजलेला माझा आवाज मला अजून परत घेता आलेला नाही.