भिंतीवरचे सारखे चेहरे

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता होती. कुणी कुणाशी बोलायचे नाही, हा इथला पहिला नियम. बोलले की गुरूंनी दिलेल्या औषधाच्या पुडीचा गुण जातो. म्हणून तर लोक त्यांना मौनगुरू म्हणत. मौन बाकीच्यांनी पाळायचे. गुरूंचे स्वतःचे तोंड मात्र जेवतानाही मिटत नसे.

"कॅन्सर म्हणजे काय? शरीराचा रुसवा. रुसलेल्याला कुणी सुया टोचतं का? त्याची समजूत काढावी लागते. माझी पूड समजूत काढते."

एवढे बोलून ते मागच्या भिंतीकडे हात करत. भिंतीवर प्रत्येक रोग्याचे दोन फोटो. पहिल्यात गालफडे बसलेली, दुसऱ्यात गाल भरलेले. बघताना लोकांचे डोळे पाण्याने भरत.

ते सगळे फोटो काढणारा फोटोवाला बायकोला घेऊन पुढेच बसलेला असे.

त्याच्या बायकोच्या छातीत गाठ होती. आधी केमोची इंजेक्शने, मग ऑपरेशन, आणि आशा चांगली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पण इंजेक्शने सुरू झाली आणि तिचे केस गेले, तोंड सोलून निघाले, पाणीही पोटात ठरेना. तो न्हाणीघराच्या दाराबाहेर उभा राहून तिचे ओकणे ऐकत राही. एकदा आतूनच ती म्हणाली, "पुरे झालं. मला नाही जायचं पुन्हा तिथे." त्या दिवशी त्याला कुणी काहीही सांगितले असते तरी त्याने ऐकले असते. सांगणारा भेटला. फोटो काढायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने पुडीची गोष्ट सांगितली.

पुडी पोटात गेली आणि बायकोने चार दिवसांत आपणहून जेवायला मागितले. ताट पुसून खाल्ले. पुढे गाल वर आले. फोटोवाल्याचा जन्म "मान सरळ, हनुवटी खाली" म्हणण्यात गेलेला. माणूस म्हणजे गळ्याच्या वरचा, ही त्याच्या धंद्याची सवय. दर आठवड्याला तो तिला स्टुलावर बसवी, फोटो काढी आणि मागच्या फोटोशेजारी धरून दाखवी. "बघ, कशी भरलीस." ती हसे. गुरूंनी तिचा फोटो भिंतीवर सगळ्यांत वर लावला आणि बाकीच्यांचे फोटो काढायचे कामही त्यालाच दिले.

हॉस्पिटलच्या तारखा टळत गेल्या. तिथून फोन आला की तो कट करी.

एका दुपारी स्कार्फवाली ताई दुकानाची पायरी चढून आली. तिलाही हा आजार होऊन गेला होता. आता हॉस्पिटलात इंजेक्शनच्या वॉर्डाशेजारच्या खोलीत ती बसे. बायकांना डोक्याला स्कार्फ बांधायला शिकवी, तोंड आल्यावर काय गिळता येते ते सांगे, लांबून आलेल्यांची राहायची सोय करी. कुणी तारखेला आले नाही की शोधत जाई. फोटोवाला शिव्या खायच्या तयारीने उभा राहिला. ताईने विचारले, "दादा, तुम्ही जेवता ना वेळेवर?"

इतक्या महिन्यांत हे त्याला कुणी विचारले नव्हते.

ताईची नजर काउंटरवर पसरलेल्या फोटोंवर गेली. "ही सगळी एका घरातली माणसं का?"

"नाही हो. एकमेकांना ओळखतही नाहीत."

"मग सगळ्यांचा चेहरा एकच कसा?"

त्याने पाहिले. म्हातारा रिक्षावाला, तरुण शिक्षिका, त्याची बायको. तेच फुगलेले गाल, तीच तांबूस झाक, तेच बारीक झालेले डोळे. प्रत्येकाचे स्वतःचे असे नाकच तेवढे उरले होते.

"मलाही काही काळ स्टेरॉइड घ्यावं लागलं होतं, डॉक्टरांच्या नजरेखाली," ताई म्हणाली. "भूक लागते, उसनं बळ येतं, दुखणं दबतं. फार दिवस घेतलं की तोंड असं होतं. हे तेज नाही दादा, सूज आहे. पुडीत काय आहे ते तपासून घेऊ. पण एकदम बंद करू नका, त्यानेही जिवाला धोका असतो. आत्ताच चला माझ्याबरोबर."

पडदा सरकवून बायको बाहेर आली. तिने सगळे ऐकले होते. तिने बाही वर केली. हाताची काडी झाली होती.

"अहो, हात कधी फोटोत आलाच नाही," ती म्हणाली. "आणि गाठ वाढलीय. मला हाताला लागते. पण बोललं की गुण जातो म्हणाले होते. शिवाय तुम्ही एवढे खूश होतात."

हॉस्पिटलातून तपासून घेतल्यावर पुडीत स्टेरॉइड आणि दुखण्यावरच्या गोळ्यांचा चुरा निघाला. चवीला पिठीसाखर. डॉक्टर रागावले नाहीत, आणि तेच फोटोवाल्याला जास्त लागले. ऑपरेशनची वेळ गेली होती. बरे करणे आता हातात नव्हते, त्रास कमी करणे होते.

पुढच्या बैठकीला बायको हट्टाने हॉलमध्ये गेली. गुरू रुसव्याचे आणि समजुतीचे बोलत असताना तिने शेजारणीला मोठ्याने विचारले, "तुम्हालाही झोप येत नाही का? पाय बारीक झालेत?"

शेजारणीने गुरूंकडे पाहिले. मग मान डोलावली.

"माझेही," मागून कुणीतरी म्हणाले. मग आणखी कुणीतरी. गुरू "मौन, मौन" म्हणत राहिले, पण हॉलभर माणसे पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होती. पुडीत काय निघाले ते तिने सांगितले. काही रडले. एकाने तिलाच सुनावले, तुमचीच श्रद्धा कमी पडली म्हणून. बरेच जण मात्र त्याच आठवड्यात ताईच्या खोलीत आले. त्यातल्या काहींची वेळ अजून गेली नव्हती.

ती खोली बायकोला शेवटपर्यंत पुरली. तिथे ती मरणाबद्दल बोलली, आणि तो तिथे सगळ्यांदेखत रडला. एकदा ती त्याला म्हणाली, "मी गेल्यावर लग्नातला फोटो लावू नका. तो सुजलेला लावा. दुकानाच्या काचेत. लोक विचारतील, मग सांगा."

तो फोटो अजून काचेत आहे. लोक विचारतात आणि फोटोवाला सांगतो. औषध असेल तर त्यात काय आहे ते विचारा. सांगत नसतील तर घेऊ नका. शेजारी बसलेल्या रोग्याशी बोला. आणि जिथे बोलायला बंदी असेल, तिथून आपल्या माणसाचा हात धरून उठा.