पालथी पिंपं

दोन्या ओतीलियांनी (वयस्क बाईला इथं मानानं 'दोन्या' म्हणतात) पिंपाला लाथ मारली. पिंप घणघणलं, रिकामंच होतं. गल्लीतली बाकीची एकोणीसही रिकामी, आणि सगळी तोंड वर करून भिंतीलगत रांगेत उभी.

"कोणी सरळ केली ही?"

"आमच्या माणसांनी," रोपवेचा इंजिनिअर लेआंद्रो म्हणाला. "खांबाच्या जागेचे फोटो काढायचे होते. जरा नीटनेटकं केलं."

"नीटनेटकं!" त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, या टेकडीवर पालथं पिंप म्हणजे पाणी हवंय, सरळ म्हणजे भरलंय. टँकरवाला लांबूनच बघतो. आत्ता हात हलवत वर निघून गेला तो. आता थेट पुढच्या गुरुवारी!"

लेआंद्रोनं पाणी खात्याला फोन लावला. बराच वेळ त्यातलं गाणं ऐकलं, थोडं बोलला, मग फोन खिशात टाकला.

"जादा फेरी मिळत नाही, दोन्या."

"मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. बत्तीस वर्षं तेच ऐकतेय."

शेजारची चायो दारातून ओरडली, "त्याचं हेल्मेट बघा, तेही पालथंच! आत काही नसणार!"

लेआंद्रो हसला नाही. त्यानं दारातल्या ओट्यावर नकाशा पसरला, वर पेन ठेवलं. "स्टेशन झालं की दीड तासाऐवजी बावीस मिनिटांत मेट्रोला पोचाल. आराखड्यात पाणीही धरलंय. पाणी समितीची, म्हणजे तुमची, सही तेवढी हवी."

"पाणी कुठं धरलंय?"

"दुसऱ्या टप्प्यात."

"म्हणजे बावीस मिनिटांत खाली जायचं आणि बादली भरून आणायची." त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "या स्टेशनच्या छपरावरचं पावसाचं पाणी कुठं जातं?"

"गटारात."

"केवढं छप्पर?"

"या गल्लीतल्या सगळ्या घरांएवढं," तो म्हणाला, आणि त्यानं हेल्मेट काढून हातात घेतलं.

टँकर येणार नव्हता, तरी त्या एकेक पिंप पालथं घालू लागल्या. तिसऱ्या पिंपाला लेआंद्रोनं दुसरी बाजू धरली. विसावं पिंप पालथं घालूनच दोघं थांबले.

मग त्यानं नकाशा भिंतीवर धरून गटाराकडं जाणारी रेघ पेन्सिलीनं खोडली, आणि छपराच्या पन्हाळीखाली एक पिंप काढलं. सरळ, तोंड वर असलेलं.

दोन्या ओतीलियांनी चष्मा लावला.

"वीस घरं आहेत," त्या म्हणाल्या. "मोठं काढ."

आणि सही न करता त्याचं पेन आपल्या एप्रनच्या खिशात टाकलं.