कठड्यावरची चार बोटं

निवृत्त वजनमाप निरीक्षकांना डायलिसिसच्या खोलीत सगळे साहेब म्हणत. उभं आयुष्य त्यांनी दुकानदारांचे काटे तपासण्यात घालवलं होतं. पारड्याखालचं चुंबक असो की हळूच टेकवलेला अंगठा, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. दुकानदार त्यांना आधी नमस्कार घालत आणि मग मनातल्या मनात शिव्या.

मूत्रपिंडं निकामी झाली आणि साहेबांवरच काट्यावर चढायची पाळी आली. प्यायलेलं पाणी अंगातच साठायचं, म्हणून मोजूनमापून प्यायचं. डायलिसिसला आल्यावर वजन जेवढं वाढलेलं दिसेल तेवढं पाणी मशीन ओढून काढणार. सिस्टरांचा नियम असा, की आपलं वजन आपणच करायचं आणि आपणच सांगायचं. "शरीर तुमचं, कारभार तुमचा. मी कुठे कुठे पुरणार?" असं त्या म्हणत.

साहेब कारभार करत. काट्यावर उभं राहिलं की चार बोटं शेजारच्या खिडकीच्या कठड्यावर दाबत. आकडा मुकाट्याने खाली येई. "साहेबांकडून शिका जरा!" सिस्टर बाकीच्यांना सुनावत. चोरून प्यायलेल्या पाण्याचा कुणाला पत्ता नव्हता. जिना चढताना लागणारी धाप साहेब वयाच्या नावावर टाकत. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात तसलाच प्रकार. फक्त इथला पाषाण काही कोरडा नव्हता.

मग शिलाईवाल्या बाई नव्याने आल्या. सिस्टरांनी त्यांना साहेबांच्या हवाली केलं. साहेबांनी चपला कुठे काढायच्या इथपासून सगळं समजावलं आणि स्वतः काट्यावर उभं राहून दाखवलं. बाईंनी नीट पाहून घेतलं. एकदा पाहिलं की त्यांना शर्टाची कॉलरसुद्धा जशीच्या तशी उतरवता येत असे.

पुढच्या आठवड्यात बाई भिंत धरधरून आल्या. पाय सुजलेले, बोलताना वाक्य अर्ध्यात तुटत होतं.

"वजन तर दर वेळी ठीक सांगताय," सिस्टर म्हणाल्या. "पुन्हा एकदा उभ्या राहा बघू."

बाई उभ्या राहिल्या आणि शिकवल्याप्रमाणे चार बोटं कठड्यावर दाबली.

साहेबांनी ती बोटं लगेच ओळखली. सिस्टरांचं लक्ष आकड्याकडे होतं. गप्प बसलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं.

"बाई, हात काढा," साहेब म्हणाले.

"का? तुम्हीच तर... दाखवलंत ना?"

हात निघाला आणि आकडा भसकन वर गेला. सिस्टरांनी बाईंना खुर्चीत बसवून ऑक्सिजनचा मास्क लावला, मशीन जोडलं आणि मगच त्या साहेबांकडे वळल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

"साहेब, चढा. दोन्ही हात वर."

असं साहेबांनी कुठल्या दुकानदारालाही करायला लावलं नव्हतं. ते चढले. सिस्टरांनी आकडा मोठ्याने वाचला.

"का केलंत असं?"

काटा जुना आहे, जमीन सपाट नाही, सवयीने हात गेला. हे सगळे बहाणे साहेबांना तोंडपाठ होते. नोकरीत रोज ऐकले होते आणि एकही मान्य केला नव्हता.

"तहान लागते हो," ते म्हणाले. डोळे भरून आले तरी हात अजून वरच होते. "सहन होत नाही."

"मग ते मला सांगायचं ना! खारट कमी केलं तरी पुष्कळ फरक पडतो. आपण मिळून काढू काहीतरी मार्ग. हात खाली घ्या आता."

खुर्चीतून बाईंनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला.

"मला वाटलं," त्या धापा टाकत म्हणाल्या, "मला एकटीलाच लागते."